कपाटामागची रेघ

...सालीसकट सुपारी, गढूळ पाण्यात उठून दिसावी म्हणून चुन्यात बुडवून पांढरी केलेली — ती पहिल्या दोरीखालून गेली आणि विनेशने घड्याळाचं बटण दाबलं. दोन दोऱ्या, मधे वीस मीटर ओढा, पलीकडे जेट्टीवरून आलेल्या कोळशाचे ताडपत्रीखालचे ढीग, आणि सुपारी अशी निवांत निघालेली की जणू तिला कुणी मोजतच नाहीये.

सोळा सेकंद.

वरचं पाणी तळापेक्षा जास्त पळतं, म्हणून आलेला वेग पंधरा टक्क्यांनी कमी धरायचा. हे शास्त्र आहे, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरी सुपारी. पंधरा सेकंद. कमी धरायचा.

कमी धरायचा — पण किती, आणि कुणाचं?

मे महिन्यात तो केसरकाकीच्या घरी पुराची खूण शोधत आला होता. काठावरचं शेवटचं घर. दर गणपतीला भिंती रंगतात, त्यामुळे दोन हजार पाचच्या पुराची रेघ गावात कुठेच उरली नव्हती. पण काकीने स्वतः खांदा लावून लोखंडी कपाट सरकवलं, आणि मागे, जिथे ब्रश कधी पोचलाच नव्हता तिथे, चिखलाची तपकिरी रेघ... जमिनीपासून एकशे अडतीस सेंटिमीटर. टेप त्यानेच धरली होती. "हितंच हे उभे व्हते, पोरीला खांद्यावर घेऊन," काकी म्हणाली होती. त्याने फोटो काढला होता. तो फोनमध्ये अजून आहे. तो उघडत नाही.

एकशे अडतीस धरलं तर कोळशाच्या यार्डाच्या रस्त्याखालची मोरी दुप्पट रुंद करावी लागणार. ऐंशी धरलं तर आहे तीच पुरते — म्हणजे कागदावर पुरते, आणि खरा पूर आला की पाणी तुंबून काकीच्या घरात शिरतं. ऑफिसातले सर फोनवर म्हणाले होते, "अरे, बायका घाबरल्या की पाणी वाढतं!" आणि विनेश हसला होता. नुसता हं-हं नव्हे — चांगला मोठ्याने. मग मसुद्यात ऐंशी.

शनिवारी अंतिम अहवाल. अजून बदलता येईल, असं तो गेले तीन महिने स्वतःला सांगतोय.

तिसरी सुपारी मुळांत अडकली.

"ओ सायेब! च्या गार व्हतंय! आन् माज्या सुपाऱ्या सगल्या खाडीला घालवल्या का?"

"दोन गेल्या, काकी."

"खाडीचं तोंड रंगल आता!"

घरात शिरताच त्याला दिसलं — मे महिन्यात माळ्यावर असलेलं तांदळाचं पिंप खाली आलं होतं, चिऱ्यांच्या नव्या कट्ट्यावर.

"पिंप खाली आणलंत?"

"व्हय. ग्रामपंचायतीत तुमचा कागुद वाचला ना, ऐंशी बोल्ले. मी ऋत्विकला, पुतन्याला माज्या, बोल्ले, कट्टा नव्वद कर. दहा वरच घातलं. माल्यावर चढायला गुडघं कुठं ऱ्हायलंत?"

"पण काकी, ती रेघ..."

ती ओशाळून हसली, खोटं बोलताना सापडल्यासारखी. "ऱ्हाऊ द्या ना आता. शिकलेल्या मानसानं मापलंय. भेवानं मोठं दिसलं असंल आमाला. हे बी मरेपर्यंत छातीला हात लावून सांगायचे, इतकं व्हतं, इतकं व्हतं... या गणपतीला कपाटामागं बी रंग मारून घेतला. भिंतीवर खोटं कशाला ठेवायचं?"

कपाटाच्या कडेने पोपटी रंगाची ताजी पट्टी दिसत होती. म्हणजे आता ती रेघ जगात एकाच ठिकाणी — त्याच्या शर्टाच्या खिशात. टेप न लावताही त्याला ठाऊक होतं, एकशे अडतीस म्हणजे या खिशाच्या वर चार बोटं. तिथपर्यंत अंग गार पडत आलं... आणि काकी, जिच्याकडे त्याने बघायला हवं होतं, ती त्याच्याकडे बघत होती, जणू चूक पोटात घालावी म्हणून.

"बसा ना सायेब. उभ्यानं च्या पितात का?"

तिने खुर्ची पुढे केली. विनेश कप धरून उभाच राहिला. बसला असता, तर रेघ त्याच्या डोक्याच्याही वर गेली असती.