पहिला आखाड

मंजुषाच्या लग्नानंतरचा सत्यनारायण उरकतो न उरकतो तोच आखाड लागला, आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

नव्या नवरीला पहिल्या आखाडात सासरी ठेवत नाहीत, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिचे बाबा भगवंतराव तर रीतिरिवाजाच्या बाबतीत ब्रह्मदेवाचंही ऐकायचे नाहीत. नांदगाव पेठेला व्याह्यांच्या दारात उभे राहिले आणि लेकीला घेऊन थेट मूर्तिजापूरजवळच्या आपल्या गावी आले. येताना जावयाला बजावलं, "आता आखाड सरेपर्यंत एकमेकाचं तोंड पाहाचं नाई." जावई विपुल कॅनडातला कायमचा रहिवासी, तिकडे नोकरीला. त्याची सुट्टी आखाड सरता सरताच संपली आणि तो बिचारा एकटाच विमानात बसला.

पुढं त्यानं बायकोला तिकडे नेण्यासाठी अर्ज केला. वर्ष उलटून गेल्यावर उत्तर आलं, नकार. तिथल्या साहेबाचं म्हणणं, नवरा महिनाभर भारतात असूनही ही दोघं एका छताखाली राहिली नाहीत, म्हणजे हे लग्न नुसतं कॅनडात शिरण्यापुरतं. आता घ्या! त्या साहेबाला आखाड कोण समजावून सांगणार?

अर्ज भरून देणारा एजंट मोठा हुशार. म्हणाला, "अपिलात सांगू, एकत्र राहिले होते म्हणून. लॉजची पावती मी आणून देतो." फोनवरच्या संसाराला मंजुषा इतकी विटली होती, की तिनं त्यालाही मान डोलावली असती. पण सासूबाई साधनाताई खमक्या. त्यांनी सुनेला धरून अमरावतीला नगमा वकिलांकडे नेलं.

नगमा वकील म्हणजे बाळापूरच्या सतरंजीवाल्या कुर्बानभाईंची लेक. पावतीचं नाव ऐकताच बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती पावती आणली तर मी तुमची वकील नाही. तिथं एक खोटं सापडलं की पाच वर्षं दार बंद. आणि खरं लग्न असताना खोटं कशाला गं?" मग त्यांनी विचारलं, "आखाड होता का?"

मंजुषानं झटकन मान डोलावली. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

"आमच्या गल्लीतल्या साऱ्या नव्या सुना आखाडात गायब व्हायच्या," बाई हसल्या. "लहानपणी मला वाटायचं, शाळेसारखी त्यांनाही सुट्टी असते."

मंजुषालाही हसू फुटलं. मग बाईंनी साधनाताईंना बाहेर बसवलं आणि हळूच विचारलं, "खरं सांग, महिनाभर तो तुला भेटलाच नाही?"

मंजुषाची मान खाली गेली. भेटला होता, रोज भेटला होता! ती इंग्रजीच्या क्लासला म्हणून मूर्तिजापूरला यायची आणि तो बडनेऱ्याहून गाडीनं. शकुंतला ही अरुंद रुळांची जुनी आगगाडी बंद पडलेली, तिच्या रिकाम्या फलाटावर काळं कुत्रं फिरकायचं नाही. तिथं दोघं बसायची, तिच्या डब्यातलं खायची. आईनं त्या महिन्यात डब्यात भाकरी जास्त घातल्या हे तिचं नशीबच. फोटोही काढले होते, पण बाबांच्या नजरेस पडतील या धास्तीनं तिनं विपुलला ते अर्जाला लावू दिले नव्हते.

"मग हेच सांगायचं," बाई म्हणाल्या. "आणि रीत सांगायला तुझ्या बाबांची साक्ष."

"मॅडम, बाबा मले जितं ठेवनार नाई! आन थे म्हनतीन, माही पोरगी असं करूच शकत नाई. मंग दोघांच्या दोन गोष्टी होतीन, मी खोटी पडीन. तुमी त्याईले आधी समजावून सांगा ना, काय बोलाचं थे."

"मी साक्षीदार पढवत नाही, मंजुषा. त्यांना मी एकटं भेटेन. ते काय सांगतात ते त्यांचं."

भगवंतराव बाईंना भेटून आले. परतीच्या एसटीत मंजुषाशी ते फक्त खताच्या भावाचं बोलले.

पण बाईंची मेहनत काय सांगावी! भर उन्हात स्वतः मूर्तिजापूरला गेल्या, फलाट पाहिला, बाहेरचा चहावाला जानराव शोधून काढला. त्याला ती जोडी आठवत होती. तिकडे कॅनडात विपुलनं केलेल्या वकिलाशी फोनवर बोलून बोलून त्याला आखाड असा समजावला, की तो म्हणे गमतीनं आपल्याही बायकोला माहेरी धाडायला निघाला. असा माणूस पाठीशी असला की भीतीलाही जरा लाज वाटते.

सुनावणी बाईंच्या ऑफिसातच झाली, पडद्यावर. तिकडे सकाळ होती, इकडे दिवेलागण. मंजुषानं सगळं सांगून टाकलं, फलाट, डबा, सगळं. तोवर बाबांना बाहेर बसवलं होतं, तसा नियमच होता. मग त्यांना आत बोलावलं. धुवट टोपी नीट करत ते बसले, आणि मंजुषानं डोळे मिटले.

तिकडच्या सरकारी वकिलानं दुभाष्याकरवी विचारलं, "महिनाभर हे दोघं भेटले नाहीत ना?"

"भेटले नं. रोजच भेटत."

मंजुषानं डोळे उघडले.

"मी खत आनाले गेल्तो मूर्तिजापूरले. पाह्यतो तं फलाटावर दोघं. जावई भाकर खाऊन राह्यला, आन हे पोट्टी त्याले ओढणीनं वारा घालून राह्यली. एकाच्या भाकरीत दोघं जेवत होते. मी तसाच मांगं फिरलो. घरी येऊन हिच्या मायले सांगतलं, उद्यापासून डब्यात दोन भाकरी जास्त टाक."

"तुम्हीच भेटायला मनाई केली होती. मग थांबवलं का नाही?"

"रीत होती, थे मी पाळली. पोरगी माह्या घरी राह्यली. आता नवरा-बायको दोन घास संगं खात असतीन, तं थे मोडाले मी काय राक्षस आहो काय, बाप्पा?"

दुभाषी बाई हे सांगताना जरा अडखळली. मंजुषाला तर रडू आवरेना.

बाहेर आल्यावर तिनं नगमा वकिलांचा हात धरला. "तुमाले माहीत होतं?"

"पहिल्याच भेटीत सांगितलं त्यांनी. म्हणाले, पोरीले सांगू नका, थे लाजन. साक्षीदाराला दिलेला शब्द मी मोडत नाही, मग तो अशिलाचा बाप का असेना."

अपील मंजूर झालं. व्हिसाचा शिक्का हातात पडला तेव्हा पुन्हा आखाडच लागला होता आणि मंजुषा निरोप घ्यायला माहेरी आली होती. मंजुषाची आई वच्छलाबाई पदर सावरत म्हणाल्या, "एवढा आखाड सरू द्या, मंग धाडू."

"चूप बैस!" भगवंतराव कडाडले. "त्या आखाडानं माह्या पोरीचे दिवस खाल्ले, आन थो मीच पाळला होता. मंजू, लवकरात लवकरचं तिकीट काढ. आन वकीलबाईले फोन लाव. म्हनाव, पोरगी जाच्या आधी आमच्या घरी जेवाले या."

मंजुषानं फोन लावला. वच्छलाबाईंनी परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसल्या.