चौथी केबल

वाचकहो, एका तंत्रज्ञाच्या बुद्धीला पडलेल्या गाठीची हकीकत येथे निवेदन केली जात आहे. ती सुटली की नाही, याचा निर्णय आपणच करावा.

चौथी केबल खटकन बसली, आणि तंत्रज्ञ मोठ्या आशेने यंत्रे एकमेकांस जोडणाऱ्या स्विच नामक पेटीवरील दिव्यांकडे पाहू लागला. चित्रफिती जपणाऱ्या त्या कार्यालयाचा सारा साठा एका स्टोरेज यंत्रात असे. त्याची नक्कल दुसऱ्या यंत्रावर उतरण्यास अतोनात विलंब होई, म्हणून त्याने केबलांची मोळी बांधून एकच रुंद वाट केली होती. तथापि पहिलाच दिवा बेभान लुकलुकत होता. उरलेले तिघे डोळे मिटून स्वस्थ. तो किंकर्तव्यमूढ झाला.

इतक्यात ताईचा फोन आला.

"सकाळपासून आईचे फोनवर फोन. गॅस, गोळ्या, आता नळ! चौघं भावंडं ना रे आपण? की मी एकटीच जन्मले?"

"अगं, तिच्या फोनात चौघांचे नंबर मीच घालून दिलेत. मोठ्या अक्षरांत! ती मला करतच नाही, तर मी काय करू?"

"काही करू नकोस. उद्यापासून मी फोन बंद ठेवणार आहे. मग बसा."

तिच्या स्वरात राग नव्हता, आणि म्हणूनच बोलणे संपल्यावरही त्याने फोन कानाशीच धरून ठेवला.

विभागप्रमुख मॅडम मागे येऊन उभ्या होत्या.

"चौथी कशाला लावलीस?"

"भार वाटला जाईल म्हणून."

"अरे बाबा, या यंत्राचं त्या यंत्राशी एक बोलणं एकाच केबलवरून जातं. स्विच दोन्ही यंत्रांचे पत्ते बघून वाट ठरवतो. कोण दमलंय, ते नाही बघत. दहा लाव, हे तिथंच राहणार."

"मग बाकीच्या काय शोभेला?"

"त्यांच्यावर दुसरं बोलणं सुरू व्हायला हवं. स्टोरेजला आणखी एक पत्ता दे, नक्कल दोन भागांत कर."

त्याने तसे केले. बऱ्याच खटपटीनंतर, दुसरा नव्हे, तिसरा दिवा लुकलुकू लागला. मॅडम निघून गेल्या. तो मात्र हातात पक्कड घेऊन तसाच उभा राहिला. नंबर तर सर्वांचे घातले होते; मग चुकले कोठे, हे त्यास उमगेना. अखेर पक्कड खिशात घालून त्याने आईला फोन लावला.

"कोण, तू? काय रे, ताईला काही झालं का?"

"नाही गं. सहजच केला."

"सहज?" आई बुचकळ्यात पडली. "चुकून लागला असेल. ठेव, ठेव."

"चुकून नाही. ते... नळाचं काय झालं?"

पलीकडे खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज त्यास स्पष्ट ऐकू आला.

येथवर वाचण्याची तसदी घेतलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
वायरवाले नाना