मर्व्हचा बोल्ट

लग्नात मला क्लॅरीबरोबर सासू-सासरे, एक दीर आणि कपाटभर रायफली मिळाल्या. सासू-सासरे गेले, दीर दुरावला, रायफली मात्र वाढत राहिल्या. तक्रार तरी कुणाकडे करणार? या थ्री-नॉट-थ्री रायफली इथं ऑस्ट्रेलियात, आमच्या लिथगोच्या कारखान्यातच बनलेल्या. निम्म्या गावाची चूल त्या कारखान्यावर पेटली. इथं राहून रायफलींना नाक मुरडणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर.

क्लॅरी त्या नुसत्या जमवत नाही, ओळखतो. संग्राहक मंडळाच्या बैठकीला लोक आजोबांच्या शेडमध्ये सापडलेल्या रायफली घेऊन येतात. हा फडक्यानं तेल पुसतो, शिक्के बघतो, लाकडावरून हात फिरवतो आणि साल सांगतो. शेवटी नंबर. रायफलीच्या अंगावर एक नंबर असतो, तोच बोल्टच्या मुठीवर. बोल्ट म्हणजे मागेपुढे सरकवून गोळी आत ढकलायचा तो लोखंडी दांडा. कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या रायफलीला बेतून बसवलेला असतो. दोन्ही नंबर एक निघाले की क्लॅरी मुलीचं लग्न जमल्यासारखा खुलतो. नाही निघाले तर मान खाली घालून हळूच म्हणतो, "जोड फुटलीय." ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणी गेलंय.

आणि याच माणसाला बापाकडून आलेल्या रायफलीची जोड फुटलेली होती.

सासऱ्यांकडे एकसारख्या दोन होत्या. एक क्लॅरीला मिळाली, एक धाकट्या मर्व्हला. सासऱ्यांना पुरून आम्ही घरी आलो, लोक अजून चहा-सँडविच घेत होते, आणि क्लॅरीनं आपली रायफल उघडून पाहिली. बोल्टवर भलताच नंबर. तो तरातरा मर्व्हपुढे जाऊन उभा राहिला आणि चारचौघांत म्हणाला, "माझा बोल्ट ढापलास तू." मर्व्ह कँडॉसच्या सिमेंट कारखान्यातला साधा माणूस. बोल्टला नंबर असतो हेच त्याच्या गावी नव्हतं. त्याला एवढंच कळलं, की बापाला मातीआड केलं त्याच दिवशी भावानं आपल्याला चोर म्हटलं. त्यानं हॅट उचलली आणि तो निघून गेला.

तेव्हापासून कँडॉस, गाडीनं तासाभराची वाट, आम्हाला परदेश झालं. वीतभर लोखंडासाठी सख्खा भाऊ टाकलास, असं मी क्लॅरीला उठता-बसता ऐकवलं. त्याचं एकच, मागितला असता तर दिला असता, न विचारता का घेतला? अडेलतट्टू मेला. मी दर नाताळला मर्व्हच्या आवडीचा आल्याचा केक मुद्दाम करायची. क्लॅरी तो शेवटच्या कणापर्यंत खायचा, आणि मला त्याचा राग यायचा नि कीवही.

गेल्या हिवाळ्यात बैठकीला एक बाई आली. एका पिशवीत रायफल, दुसऱ्या पिशवीत बोल्ट, इथली रीत असते तशी. मी चहा वाटत होते; तिची मर्व्हसारखी हनुवटी बघताच मला कळलं, ही नेरिडा, त्याची मुलगी. क्लॅरीनं तोंडाकडे बघितलंच नाही. त्यानं आधी बोल्ट उचलला, मुठीवरचं तेल पुसलं आणि त्याचं फडकं थांबलं. तो नंबर त्याच्या स्वतःच्या रायफलीचा, त्याला तोंडपाठ होता. आमच्या लग्नाची तारीख कधी पाठ झाली नाही, ते सोडा.

"कुणाची ही?" त्यानं विचारलं.

"बाबांची, काका."

मग तिनं सगळं सांगितलं. मर्व्हची फुप्फुसं गेली होती, डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलं होतं. परवाना परत करायचा म्हणून रायफलीची सोय लावणं आलं. तेव्हा मर्व्ह तिला म्हणाला, "क्लॅरीला दाखव. त्याचं जे असेल ते काढून घेऊ दे. हे भांडण मला बरोबर न्यायचं नाही."

त्या दिवशी घरी आल्यावर क्लॅरी बोल्ट पुढ्यात ठेवून टेबलाशी बसून राहिला. आयुष्यभर जे हवं होतं ते हातात आलं होतं आणि त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मिळाला ना? आता जेव," मी म्हटलं.

"एल्मा, तो मला घरात घेईल का गं?"

"नाही घेतलं तर फाटकाशी उभा राहा. पण जा."

रात्रीतच मी आल्याचा केक केला, सकाळी डब्यात भरला आणि आम्ही निघालो. मर्व्ह व्हरांड्यात पांघरूण घेऊन बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. किती वाळला होता! मला बघवेना. क्लॅरी पायरीवरच थबकला.

"म्हातारा झालास की रे," मर्व्ह म्हणाला.

"तू तरी कुठं कोवळा राहिलास?"

क्लॅरीनं नेरिडानं आणलेला आणि आपल्या रायफलीतला असे दोन्ही बोल्ट त्याच्यापुढे ठेवले आणि नेरिडानं रायफल आणली. मर्व्हनं चष्मा लावून एकेक आकडा वाचला; क्लॅरीच्या रायफलीतून निघालेल्या बोल्टवर मर्व्हच्या रायफलीचा नंबर होता. तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. दम परतायला बराच वेळ लागला.

"बाबांचे उद्योग," तो म्हणाला. "शेवटच्या हिवाळ्यात त्यांना धड दिसत नव्हतं, तरी दोन्ही रायफली साफ करायला काढल्या. मी जोडून देतो म्हटलं, तर म्हणाले, अजून मेलो नाही मी. चाचपडत चाचपडत दोन्ही बोल्ट बसवले आणि इतके खूश झाले म्हणून सांगू! मला काय ठाऊक, त्यांना नंबर असतात?"

बापाच्या दफनाला न रडलेला क्लॅरी त्या व्हरांड्यात ढसाढसा रडला.

"मी तुला चोर म्हटलं," तो म्हणाला.

"म्हटलंस खरं. आता केक काप."

निघताना मर्व्हनं बजावलं, तुझा बोल्ट घेऊन जा. क्लॅरीनं तो उचलला, जन्मभर ज्याच्यासाठी झुरला तोच. एकदा त्यावरून अंगठा फिरवला आणि मर्व्हच्या रायफलीत परत सरकवून दिला.

"बाबांनी बसवलाय," तो म्हणाला. "मी कशाला काढू?"

पुढे आम्ही दर आठवड्याला जायला लागलो. दोघं भाऊ पत्ते खेळायचे आणि एकमेकांना लबाड म्हणायचे. हिवाळा सरताना वॉटलची झाडं पिवळ्या फुलांनी भरली, तेव्हा मर्व्ह गेला. पोलिसांचे कागद झाले आणि नेरिडानं रायफल आमच्याकडे आणून दिली.

मंडळाच्या प्रदर्शनात क्लॅरीनं दोन्ही एकाच टेबलावर मांडल्या. नव्यानं आलेला एक सभासद वाकून नंबर बघायला लागला. हळहळत म्हणाला, "क्लॅरी, हिची जोड फुटलीय. अरेरे, हिचीही."

क्लॅरीनं फडक्यानं दोन्ही बोल्ट पुसले.

"एकेकटी बघितलीस तर फुटलीय," तो म्हणाला. "दोघी शेजारी ठेवून वाच."