कावाचा पान्हा

आमची कावा जितकी देखणी तितकीच खट. कपाळावर पांढरा पट्टा, पोटाखाली जमिनीला टेकणारे काळे केस, आणि चाल अशी की गावातल्या बाकीच्या याकी जणू हिच्याच घरी कामाला आहेत. वसंतात तिचं वासरू गेलं आणि तेव्हापासून ती पान्हा चोरायला लागली. प्यायला वासरू नाही तर दूध सोडायचं कुणासाठी, हा तिचा सरळ सवाल. मग तिच्या कुशीला डोकं टेकवून गाणं म्हणावं लागतं. आमच्या घरची रीत अशी की गाण्यात जनावराचं नाव घ्यायचं, मग त्याच्या आईचं, मग आजीचं. 'कावा गं कावा, सेरमोची लेक, नागमोची नात, सोड गं सोड, धार सोड.' स्वतःचं कूळ ऐकलं की बाईसाहेब कान पाडतात आणि सड भरतात. कौतुकाला माणसंही अशीच भुलतात, फक्त त्यांच्याकडून दूध मिळत नाही.

हे गाणं मला माझ्या आईने शिकवलं, मी माझ्या लेकीला, पाल्मोला, आणि पाल्मोने तिच्या लेकीला, यूम्छोला, यूम्छो धड चालतही नव्हती तेव्हा. पुढे गावातली शाळा बंद झाली आणि यूम्छोला दूर जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात नेलं. पाल्मोला 'कामाचं शिक्षण' म्हणून परप्रांतातल्या कारखान्यात धाडलं. पाठवता का, असं आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. कुठल्या तारखेला तयार राहायचं तेवढं सांगितलं.

या उन्हाळ्यात यूम्छो सुट्टीला आली ती गळ्यात शाळेचा लाल रुमाल बांधून. मी विचारलं, "भूक लागली का गं?" तिने मान हलवली. "त्साम्पाचं पीठ मळू? लोणी जास्त घालू?" पुन्हा मान. चार दिवस झाले तरी मानच. बाहुलीशी मात्र ती चुरुचुरु बोलायची, पण चिनीत. त्या भाषेतलं मला 'सही करा' सोडलं तर काही कळत नाही. शाळेत आपली बोली तोंडातून निघाली की काय होतं, ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिने पुन्हा मानच हलवली असती. मला फार काही नको होतं. सुट्टी संपायच्या आत तिने एकदा मला 'आये' म्हणून हाक मारावी, एवढंच हवं होतं. आजीला आमच्यात आये म्हणतात. दोन अक्षरं, पण पोरीच्या तोंडून निघेनात.

अशात एक दिवस लोदेन उगवला. लोदेन आमच्या गावचा सचिव. लहानपणी माझ्या दारातलं दही चोरून खायचा, आता मिशा ठेवून मीटिंगा घेतो. त्याच्या मागे शहरातली एक फिल्मवाली बाई, तिची माणसं आणि खोक्यावर खोकी.

"आये, नशीब उघडलं तुझं," लोदेन म्हणाला. "सुखी घराची फिल्म काढायचीय. यूम्छो दूध काढता काढता शाळेतलं गाणं म्हणणार."

"आणि मी काय करायचं?"

"तू मागे उभं राहून हसायचं."

"कशाला हसू?"

"आये, तोंड उघडू नकोस बाई. नुसतं हस."

मी म्हटलं, "त्या बाईला सांग, माझी लेक परत आणा, मग दात पडेपर्यंत हसते." लोदेनने बाईकडे वळून दोनच शब्द सांगितले. बाई खूश होऊन मला वाकून नमस्कार करायला लागली. माझ्या बोलण्यातून लोदेनने कोणाचे आभार मानले देव जाणे.

यूम्छोला नवा झगा घातला, गालाला रंग लावला, हातात बादली दिली. पोर बसली आणि शाळेतलं गाणं म्हणू लागली. आवाज गोड होता, खोटं कशाला बोलू. कावाने मान वळवून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि रवंथ करत राहिली. बादलीत एक थेंब नाही.

बाई म्हणाली, पुन्हा. मग जरा मोठ्याने. मग कर्ण्यावर बँडसकट तेच गाणं लावलं. पहिल्याच ढोलाला कावाने बादली लाथेने अशी उडवली की ती थेट फिल्मवाल्यांच्या दिव्याच्या छत्रीत जाऊन पडली. पुढे एका शहाण्याने गाडीतून पिशवीचं दूध काढून बादलीत ओतलं. पाण्यासारखं पातळ, ना फेस ना वाफ.

"लोद्या, हे काय, भांडी विसळलेलं पाणी का रे?" मी म्हटलं.

"आये, गप. ऊन चाललंय. दूध निघालं नाही तर माझी धडगत नाही. तू ये ना पुढे, तुझं ते जुनं म्हण आणि सोडव मला."

"जुनं? ते चालत नाही ना आता? परवाच्या मीटिंगमध्ये तूच सांगितलंस."

"आज चालतं. बाई म्हणते आवाज नंतर बदलता येतो, तोंड हललं की झालं."

"माझा घसा बसलाय," मी म्हटलं आणि दोनदा खोकून दाखवलं. घसा ठणठणीत होता. पण त्याची जिरवायची संधी मी का सोडू?

शेवटी लोदेन स्वतः बसला. टोपी काढून कावाच्या कुशीला डोकं टेकवलं आणि गायला लागला. त्याच्याही आईने शिकवलंच असणार, पण इतक्या वर्षांत सगळं सपाट झालेलं. 'कावा गं कावा, कोणाची तरी लेक, कोणाची तरी नात...' सूर असा की कुंपणावरचे कावळे उठले. एवढा अपमान कावा कसा सहन करील? शेणाने भरलेलं शेपूट तिने फिरवलं आणि सचिवसाहेबांच्या मिशांचं सारवण करून टाकलं.

यूम्छो हसली. आली तेव्हापासून पहिल्यांदा हसली, पोट धरून, पाठीवर लोळून. हसता हसता उठली, लोदेनला बाजूला ढकललं, आणि कावाच्या केसांत कपाळ खुपसून तिने सूर धरला. तो शाळेतला नव्हता. पाल्मोचा होता. तोच हेल, तीच मध्येच श्वास घ्यायची खोड. मी खुंट्याला धरलं.

"कावा गं कावा..." आणि पोर अडली. सेरमो, नागमो, कावाचं कूळ काही तिला आठवेना. डोळे मिटून तिने तोंडात आलं ते म्हटलं.

"कावा गं कावा, पाल्मोची लेक, आयेची नात, सोड गं सोड, धार सोड."

शेजारच्या बाया खो खो हसायला लागल्या. "अगं, म्हणजे ही याक तुझी बहीण झाली की!" हातातल्या धारेत आणि गाण्यात रमलेल्या यूम्छोला त्याचं भान नव्हतं. कावाने कूळ बदललं म्हणून जराही कुरकुर केली नाही. कान पाडले आणि अशी सोडली, अशी सोडली, की बादलीवर फेस चढला. फिल्मवाली बाई आनंदाने उड्या मारत होती. मी आलटून पालटून हसत होते आणि रडत होते. लोदेनने मला हसायला सांगितलं होतं, त्यापेक्षा ते जास्तच झालं.

मग आपण आपल्या बोलीत गायलो हे यूम्छोच्या ध्यानात आलं. तिने चटकन ओल्या हाताने तोंड झाकलं आणि भेदरून लोदेनकडे बघितलं. लोदेन मिशा पुसत आभाळाकडे पाहत म्हणाला, "काय वारा सुटलाय! काही ऐकूच येत नाही." दही चोरणाऱ्या त्या पोराला मी तिथल्या तिथे माफ केलं.

पण पोर पुन्हा मिटली ती मिटलीच. शाळेची बस आली तेव्हा बसच्या दारात शाळेतल्या बाई उभ्या होत्या. मी म्हटलं, "सांभाळून राहा गं." तिने मान हलवली.

थंडीच्या तोंडावर फिल्म तयार झाली. सभागृहात दाखवणार, सगळ्यांनी यायचंच, असा हुकूम. दिवे मालवले, पडद्यावर कावा आली, ऐटीत, गुळगुळीत केसांची. यूम्छोने तिच्या कुशीला डोकं टेकवलं आणि कर्ण्यातून शाळेतलं गाणं सुरू झालं. बाईने शब्द पाळला होता, आवाज बदलला होता.

ओठ मात्र बदलले नव्हते. आम्ही जन्मभर धारा काढणाऱ्या बाया, ते गाणं आम्हाला कानांची गरज न लागता कळतं. माझ्या शेजारणीने मला कोपर मारलं. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच गुणगुणायला लागलं, मग आणखी कुणी. पुढच्या रांगेत बसलेला लोदेन मागे वळला नाही. त्यानेच दुपारी सांगितलं होतं की ही फिल्म जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात दाखवणार आहेत.

पडद्यावर भिंतीएवढ्या माझ्या नातीचे ओठ हलले. पाल्मोची लेक. मग ते उघडले, मिटले, आणि मला हाक मारून गेले.

सगळ्या गावासमोर, त्या ढोलताशाच्या वर आवाज काढून, मी ओ दिली.