काय माहीत, ताई

खोटं बोलली असं कोणी म्हणू नये. वणीत खोली घेताना जया पवारनं एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. घरमालकीण रत्नप्रभाकाकूंनी तिचं आधार कार्ड चष्म्याजवळ धरून वाचलं आणि म्हणाल्या, "पवार म्हणजे मराठेच नं? मग काही प्रश्न नाही." जया नुसती हसली. झालं, त्या हसण्यावर खोली मिळाली.

आता पवार मराठ्यांत असतात, तसे बंजाऱ्यांतही असतात. ढाणकीजवळच्या तांड्यात जयाचे आजे-पणजे पवारच होते. पण हे काकूंना कोण सांगणार? एजन्सीची नर्स ती. जिथे माणूस कमी पडेल तिथे तीन महिने जायचं, की पुढचं गाव. मागच्या गावात तिनं भोळेपणानं तांड्याचं नाव सांगून टाकलं होतं. दोनच दिवसांत घरमालकिणीचा भाचा अचानक शिकायला येणार असल्याचं निघालं, आणि जयाबाईंची रवानगी दवाखान्याच्या सामानाच्या खोलीत. अकरा दिवस सलाइनच्या खोक्यांमध्ये अंग चोरून झोपली पोरगी. यापुढे आपणहून काही सांगायचं नाही, असं तिनं तिथेच ठरवलं. चुकलं का तिचं? अकरा दिवस तसं झोपून बघा, मग बोला.

वणीत सगळं जुळून आलं होतं. काकूंची मुलगी भैरवी त्याच खाजगी दवाखान्यात सीनियर सिस्टर. सकाळी तिच्या स्कूटीवर मागे बसायचं, कोळशाच्या ट्रकांची धूळ खात जायचं आणि पोचल्यावर आधी बूट पुसायचे. भैरवी तोंडाची फटकळ, पण मनाची साफ. ऑक्सिजनची चावी कुठे असते, कोणत्या डॉक्टरांना चहा झाल्याशिवाय काही विचारायचं नाही, हे सगळं तिनं दोन दिवसांत शिकवलं. डबासुद्धा अर्धा द्यायची. जयाला फार बरं वाटायचं, आणि तेवढीच धास्तीही वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बिजलीबाई आली. साठीची म्हातारी, पाय गुडघ्यापर्यंत सुजून लालबुंद, अंग तापानं फणफणलेलं. तिच्या चोळीवरचे आरसे आणि कवड्या पाहून जयानं लगेच ओळखलं, ही तांड्यातलीच. म्हातारीचा मुलगा नेमसिंग कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. "भरेल गाडी रस्त्यात उभी हाये, खाली करून येतोच," म्हणून तो आईला खाटेवर ठेवून पळाला. फॉर्मवर अ‍ॅलर्जीच्या रकान्यात कोणीतरी घाईघाईत "नाही" लिहून टाकलं होतं.

डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहिलं. भैरवीनं रीतसर हातावर टेस्ट डोस दिला, वीस मिनिटं थांबली. काही उठलं नाही. मग तिनं मोठी सिरिंज भरली, आणि ती पाहताच म्हातारी बिथरली. मराठी येत असणारच तिला, पण तापात माणूस घरच्या बोलीतच बोलतो. "कोनी, बेटी, कोनी!" ती हात झटकत ओरडू लागली.

जयाला शब्द न् शब्द कळत होता. म्हातारी सांगत होती, मागच्या वर्षी उमरखेडला अशीच सुई दिली तेव्हा तोंड सुजलं, घसा बंद झाला, मरता मरता वाचले. नको बेटी, ही सुई नको.

"काय म्हणून राह्यली गं ही?" भैरवीनं विचारलं. "तुले समजते का काही?"

जयाला काकूंचा चष्मा दिसला, सलाइनची खोकी दिसली.

"काय माहीत, ताई," ती म्हणाली. "घाबरल्या असतील."

टेस्टमध्ये तर काही निघालं नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. बोली कळते हे न सांगताही "थांबा, मुलाला येऊ द्या" एवढं म्हणता आलं असतं. चार शब्द, बाई, चार शब्द! पण ते तिला सुचेपर्यंत सिरिंज रिकामी झाली होती.

दोन मिनिटांत म्हातारीचे ओठ फुगले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. "याडी ये," एवढंच ती म्हणाली, आपल्या मेलेल्या आईला हाक मारावी तसं. जयानं धावत जाऊन अ‍ॅड्रेनालिन आणलं, डॉक्टर आले, छाती दाबणं सुरू झालं. जया कोणाला हात बदलू देईना. पाऊण तासानं डॉक्टरांनीच तिला दंड धरून बाजूला केलं.

नेमसिंग आला तो हातावरचा कोळसा विजारीला पुसतच. सुई दिल्यावर आई गेली, हे त्याला आधी खरंच वाटेना. मग तो खाटेजवळ खाली बसला.

"तिले ते सुई चालतच नव्हती," तो म्हणाला. "तिनं सांगतलं नाही का?"

"त्या काय बोलत होत्या, कोणाला समजत नव्हतं," डॉक्टर म्हणाले.

भैरवी भिंतीला टेकून उभी होती. "मी विचारलं हो दादा, खरंच विचारलं. इथं कोणालेच त्यांची बोली समजत नाही." ती हमसून हमसून रडू लागली.

जयाला गप्प राहता आलं असतं. खोली राहिली असती, काम राहिलं असतं, आणि हे मरण जन्मभर भैरवीच्या हातावर राहिलं असतं. ते मात्र तिला सोसेना. ती नेमसिंगसमोर जाऊन बसली आणि गोरबोलीत, तांड्याच्या त्या बोलीत, सांगू लागली. उमरखेडचं, घसा बंद झाल्याचं, म्हातारी कशी नको नको म्हणत होती त्याचं, काही राखून न ठेवता. भैरवीचं रडणं एकदम थांबलं. ती जयाकडे पाहतच राहिली.

हा आपल्याला मारेल असं जयाला वाटलं. मारावंच, असंही वाटलं. नेमसिंगनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आईच्या पायावरची चादर नीट केली. मग त्यानं जयाकडे पाहिलं आणि दोघांच्या बोलीत नाही, मराठीत म्हणाला, "म्हंजे तुमाले समजून राह्यलं होतं, सिस्टर."