मला कोणी घडवलं?

मी संगमरवराची मुलगी बोलतेय. अथेन्समध्ये, आर्तेमिस देवीच्या देवळाच्या अंगणात हातात डाळिंब घेऊन उभी आहे. माझ्या चौथऱ्यावर कोरलंय, 'मला कालिक्सेनोसने घडवलं.' मूर्तीच्या तोंडी असं घालायची आमच्याकडे रीतच आहे. येणारा-जाणारा ते मोठ्याने वाचतो. आवाज त्याचा असतो आणि खोटं माझ्या नावावर पडतं.

कालिक्सेनोस मोठा नावाजलेला मूर्तिकार. पण माझा दगड आला तेव्हा त्याचे हात कापायला लागले होते. पहिल्याच घावात त्याने माझ्या खांद्याचा टवका उडवला. मग त्याच्या गुलामाने, तिबियोसने, छिन्नी घेतली.

"मालक, सुटका नाही मागत मी," तिबियोस म्हणाला. "उभ्या जन्मात माझं म्हणावं असं काही नाही. खाली माझं नाव तेवढं कोरा."

"कोरीन रे बाबा! आधी नाक तर सरळ काढ."

दोन हिवाळे तो माझ्यासाठी खपला. डाव्या पायाची करंगळी त्याने मुद्दाम वाकडी ठेवली, त्याच्या वारलेल्या बायकोची होती तशी. मला पाहून, आपलं नाव जाईल म्हणून मालक धास्तावला. तो दुष्ट नव्हता, भित्रा होता. मला बसवायच्या आठ दिवस आधी त्याने तिबियोसला पारोस बेटावरच्या संगमरवराच्या भुयारी खाणीत धाडलं आणि स्वतःचं नाव कोरलं. आयत्या बिळावर नागोबा! लोकांनी मला हार घातले, वाहवा केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बारा वर्षांनी, या वसंतात, तिबियोस काठी टेकत आला. खाणीतल्या भुकटीने आणि दिव्यांच्या धुराने त्याचे डोळे गेले, तेव्हा निकामी म्हणून त्याला सोडून दिलं होतं. त्याने माझे पाय चाचपले. करंगळीवर बोट थांबलं.

"हीच ती! अहो, खाली काय लिहिलंय? बोटांना अक्षरं लागतायत, पण मला वाचता येत नाही."

देवळाचा राखणदार दोर्किस हसला. "सगळ्या गावाला पाठ आहे, आजोबा. 'मला कालिक्सेनोसने घडवलं.'"

धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं, असं वाटलं.

"पुन्हा सांगा."

दोर्किसने पुन्हा सांगितलं. तिबियोसने चाचपडत काठी शोधली.

"असू दे," तो म्हणाला. "खोटं बोलायला तोंड तरी मीच दिलंय तिला."

तो गेला. बाबांनो, पाया पडते तुमच्या. वाचायचंच असेल तर यापुढे मनातल्या मनात वाचा.