टॅबने उडवलेली मिशी

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझी मिशी टॅबने उडवली. एका चित्रकाराने स्वतःला निळ्या गालांचं, नारिंगी मिशीचं रंगवलंय. त्याचं चित्र टॅबच्या स्क्रीनवर खालच्या थरात ठेवून, त्यावरच्या पारदर्शक थरात मी स्वतःला काढलं: जांभळं कपाळ, पोपटी कान, नुसता थाट!

बायको म्हणाली, "हुबेहूब तुम्हीच दिसत असाल, तरच दिवाणखान्यात लावू देईन. ही मिशी कुणाची?"

"माझीच की. गंमत म्हणून चित्रातली पुसली, तर ओठावरची खरी भुर्रकन उडाली. चित्रातली परत आणली, खरी काही येईना."

"अहो, लग्नापासून तुम्हाला मिशी म्हणून नाही. ती खालच्या थरातल्या चित्रकाराची दिसतेय, झाकायची राहिलीय."